सर्व्हरचं कपाळ

बडोद्यात आमच्या गोत्रीच्या सोसायटीत मला अजूनही 'कॉम्प्युटरवाळां बेन' म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या नातवाने मोबाइल पाण्यात बुडवला, की आमची बेल वाजते. मी उभ्या नोकरीत एकही प्रिंटर दुरुस्त केलेला नाही आणि मोबाइल तर मला माझासुद्धा धड समजत नाही, हे सांगून सांगून थकले. शेवटी फार पूर्वी वडिलांना जसं समजावलं होतं तसंच आता सगळ्यांना समजावते.

वडील प्रतापनगरला रेल्वेत होते. यंत्र म्हणजे ज्यातून धूर नाहीतर निदान खडखडाट तरी येतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांना म्हटलं होतं, "बाबा, सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. कारखान्यात, बँकेत, हॉस्पिटलात माणसं आपापल्या पडद्यासमोर पानावर बसल्यासारखी बसलेली असतात. कुणाला बिल हवं, कुणाला पावती, कुणाला गोदामात किती माल आहे ते हवं. त्या सगळ्यांना वाढणारा आतल्या खोलीत एकटा असतो. तो कुणाला दिसत नाही. आमटी यायला वेळ लागली की मग मात्र सगळे त्याच्या नावाने ओरडतात."

"मग त्यात तू काय करतेस?"

"वाढपी दमू नये एवढं बघते."

हे त्यांना पटलं. पुढे ते आल्यागेल्याला सांगायचे, आमची सुलभा वाढप्यांची मुकादम आहे. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर जे इंग्रजीत छापलेलं होतं त्यापेक्षा हे बरंच खरं होतं.

मुकादम म्हणून मी गिऱ्हाइकं मात्र एकेक नग पाहिली. अकोट्याच्या एका डॉक्टरांच्या हॉस्पिटलात रोज दुपारी सर्व्हर बंद पडायचा आणि चारच्या सुमाराला आपोआप सुरू व्हायचा. आम्ही वायरिंग तपासलं, वीजपुरवठा तपासला. शेवटी कळलं, की डॉक्टर स्वतःच तो बंद करतात. "बेन, आखं बडोदा दुपारी आराम करतं, त्या बिचाऱ्याने काय गुन्हा केला?" असं त्यांनी मलाच विचारलं. मांडवीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे सर्व्हरच्या पाठीमागे खिचिया पापड वाळत घातलेले होते. मागून गरम, कोरडी हवा अखंड येते, वर धूळ नाही, कावळे नाहीत. पापड उत्तम वाळले होते, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं. मी त्यांना यंत्र श्वास कसा घेतं हे समजावून सांगितलं: पुढून थंड हवा ओढून घ्यायची, मागून गरम सोडायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना माझ्या हातावर पापडांची एक थप्पी ठेवली.

यंत्र पुढून श्वास घेतं, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. ती माझ्या एका फार जवळच्या माणसाच्या गळ्याशी आली होती.

आता थोडं धंद्याचं. पूर्वी हे काम सोपं होतं. एका मोठ्या कंपनीचं यंत्र, आतली प्रणालीही तिचीच आणि दुरुस्तीवालाही तिचाच. लग्नाचं सगळं जेवण एकाच आचाऱ्यावर सोपवावं तसं. तो सांगेल तो भाव, तो येईल ती वेळ; पण आमटी खारट झाली तर कुणाला बोलायचं हे ठरलेलं. पुढे आशियातल्या बऱ्याच कंपन्यांनी मिळून दुसरा रस्ता काढला. यंत्र तैवानचं, माहिती साठवणारा डेटाबेस टोकियोच्या कंपनीचा, यंत्र चालवणारी मूळ प्रणाली सांभाळणारे बेंगळुरूचे, आणि ही सगळी मोट गिऱ्हाइकाच्या दारात बांधून देणारे आमच्यासारखे बडोद्याचे. सगळ्यांनी एकत्र चाचण्या करून एक जाडजूड पुस्तिकाही काढली होती. हे यंत्र, ही प्रणाली आणि हा डेटाबेस एका घरात गुण्यागोविंदाने नांदतात, अशी तिच्यात ग्वाही होती. मोठ्या हॉटेलांतल्या परिषदांत याला 'प्लॅटफॉर्म' म्हणत आणि चार कंपन्यांचे लोक व्यासपीठावर एकमेकांचे हात धरून फोटो काढून घेत.

प्रत्यक्षात काही अडलं की हेच चार जण एकच वाक्य बोलत: "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे." माझ्या धंद्यातलं हे सगळ्यात खोटं वाक्य. गंमत अशी, की ते प्रत्येक जण अगदी प्रामाणिकपणे बोलतो.

नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात किरीटभाई कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. मूळचे ते मेंटेनन्सचे. पंप आणि मोटारी यांच्यात आयुष्याची पहिली वर्षं गेलेली. कॉम्प्युटरकडे आले तरी शर्टाच्या खिशातला टेस्टर गेला नाही. कारखान्याचं जुनं यंत्र म्हातारं झालं होतं. नवीन कुठलं घ्यायचं यावर त्यांनी वर्षभर अभ्यास केला, आमच्याकडे येऊन चाचण्या पाहिल्या आणि चार कंपन्यांचा हा प्लॅटफॉर्म निवडला. शेठना पटवायला त्यांनी मलाही बरोबर नेलं.

शेठच्या केबिनमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांच्या आई बसलेल्या होत्या. त्यांना सगळे बा म्हणत. नवऱ्याबरोबर त्यांनी हा कारखाना एका शेडमधून उभा केलेला. आता त्या रोज येऊन आवारातल्या देवळात दिवा लावायच्या आणि मुलाच्या केबिनमध्ये थोडा वेळ बसून घरी जायच्या. फारसं बोलत नसत, पण कान सगळीकडे.

मी जीव ओतून समजावलं. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "ने आमां कंई बगडे तो गळुं कोनुं पकडवानुं?"

बिघडलं तर गळा कुणाचा धरायचा? चार कंपन्या, तीन देश. मी पुस्तिकेतलं 'संयुक्त जबाबदारी' हे प्रकरण शोधत होते, तेवढ्यात किरीटभाई म्हणाले, "मारुं, शेठ."

स्वतःचाच गळा त्यांनी पुढे केला होता. शेठनी मान हलवली आणि ऑर्डर आमची झाली. जिना उतरताना मी किरीटभाईंना म्हटलं, "इतकं बोलायची काही गरज नव्हती." ते गळ्यावरून हात फिरवत हसले. "बेन, कुणाचं तरी गळं लागतंच. त्याशिवाय मशीन येत नाही." आमच्याशी बोलताना ते असंच मराठी बोलत. बडोद्याचा प्रत्येक गुजराती मराठी बोलतो आणि प्रत्येक मराठी गुजराती, आणि दोघांचंही चुकतं, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

दिवाळीत धनतेरसपासून लाभपाचमीपर्यंत आमच्याकडे कारखान्यांचं कार्यालयीन काम बंद असतं. यंत्र बदलायला याच्याइतका चांगला काळ नाही. माझ्या मुलांच्या लहानपणीच्या कित्येक दिवाळ्या मी दुसऱ्यांच्या सर्व्हर-रूममध्ये घालवल्या. फराळाचा डबा तेवढा बरोबर असायचा. याची हळहळ आहे, आणि ती मी लपवत नाही. त्या वर्षीही तसंच झालं. जुन्या यंत्रातली सगळी माहिती नव्यात आली, मेळ बसला, आणि लाभपाचमीच्या सकाळी मुहूर्त ठरला.

लाभपाचमीला गुजरातेत नव्या वर्षाचं काम सुरू होतं. बा स्वतः पूजेचं ताट घेऊन आल्या. आम्ही सगळे चपला काढून सर्व्हर-रूममध्ये उभे राहिलो. बांनी ओल्या कंकवाने यंत्राच्या बरोब्बर दर्शनी भागावर चांल्लो केला, म्हणजे टिळा लावला, आणि त्यावर चोखा, म्हणजे अक्षता, नीट दाबून बसवल्या. देवाचे तांदूळ म्हणून त्यांनी खास जीरासर आणला होता. ज्यांनी हा तांदूळ खाल्लाय त्यांना ठाऊक असेल, दाणा किती बारीक असतो. मग शेठनी नारळ बाहेर उंबऱ्याशी फोडला आणि बांनीच यंत्राचं बटण दाबलं.

सर्व्हर सुरू होताना त्याचे पंखे पहिल्यांदा पूर्ण वेगाने फिरून स्वतःची परीक्षा घेतात. खोली दणाणून जाते. बा दचकल्या, मग प्रसन्न हसल्या. म्हणाल्या, "जोर तो छे." सगळ्यांनी हात जोडले, पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

दुपारपर्यंत दृष्ट लागावी असं चाललं. जेवणं झाली आणि गेटवरून फोन आला. टँकर भरून वजनकाट्यावर उभे, पण माल बाहेर न्यायचं चलन छापून येत नाही. येतं, पण ड्रायव्हरची बिडी ओढून संपली तरी येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत, दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी टँकरची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि शेजारच्या कारखान्यावाल्याने शेठना फोन केला.

शेठ ओरडणारे नव्हते. त्यांनी किरीटभाईंना बोलावून एवढंच सांगितलं, "देवदिवाळी सुधी जोईए. पछी जूनुं मशीन पाछुं." म्हणजे देवदिवाळीपर्यंत वाट बघायची, मग जुनं यंत्र परत. ते त्याच खोलीत चादर पांघरून उभं होतं. ते परत लागलं असतं तर किरीटभाई दुसऱ्या दिवशी कामावर आले नसते, हे मला ठाऊक होतं. कुणी काढलं नसतं तरी आले नसते. सगळ्या कारखान्याला माहीत झालं होतं, की यांनी स्वतःचा गळा पुढे केलाय.

लाभपाचमीपासून देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा किती दूर असते? त्यातले निम्मे दिवस मेल लिहिण्यात गेले. तैपेईने यंत्र तपासलं: आमच्या बाजूने सगळं ठीक. बेंगळुरूने प्रणाली तपासली: आमच्या बाजूने ठीक. टोकियोने तर सुंदर आलेख काढून पाठवले आणि अतिशय नम्रपणे लिहिलं, की आमच्या बाजूने ठीक आहे, तसदीबद्दल क्षमस्व. मी आमच्या बाजूचं तपासलं आणि माझ्याही हातून तेच वाक्य लिहिलं जात होतं, तेव्हा मला स्वतःचीच चीड आली. चौघांचं ठीक आणि टँकर रस्त्यावर!

आलेख पुन्हा पाहिले तेव्हा एक गोष्ट दिसली. प्रत्येकाने तपासणी केली होती ती आमच्या सकाळी. तैपेई आणि टोकियोचं घड्याळ आपल्या पुढे. आमचा त्रास जेवणानंतर रंगात येई तेव्हा ते दप्तर आवरायला लागलेले असत. बेंगळुरूवाले त्यांच्या वेळा सांभाळत, म्हणून तेही सकाळीच. सगळ्यांनी मिळून आमच्या यंत्राचा फक्त शहाणा चेहरा पाहिला होता.

मी मेल बंद केले आणि एकेकाला फोन लावला. "उद्या आमच्या दुपारच्या चहाच्या वेळेला चौघेही एकत्र बसू या. मला ठाऊक आहे, तुमची घरी जायची वेळ झालेली असेल. पण माझा माणूस अडकलाय." तैपेईचे चेन यंत्रं बनवणाऱ्या विभागात होते. ते म्हणाले, "माझ्या प्रयोगशाळेत तुमच्या यंत्राचं जुळं आहे, मी त्याच्याजवळच बसतो." बेंगळुरूची मुलगी म्हणाली, "मॅडम, मी येते." टोकियोच्या गृहस्थांनी आधी अडचण सांगितली. "माझी नेहमीची गाडी चुकेल," ते म्हणाले. आणि मग, "चालेल."

मी घरी फोन केला तेव्हा आमचे हे एवढंच म्हणाले, "आज पण मोडं होणार का? बरं, खिचडी मी टाकतो." मोडं म्हणजे उशीर.

दुसऱ्या दिवशी देवदिवाळी होती. त्या दुपारी आम्ही सर्व्हर-रूममध्ये लॅपटॉप मांडला. पडद्यावर तीन शहरं, खोलीत मी आणि किरीटभाई. बाहेर टँकरांची रांग वाढत होती. किरीटभाईंचा हात सारखा गळ्यावर जात होता. त्यांनाही ते कळत नसावं.

पहिली दहा मिनिटं सवयीची गेली. मग बेंगळुरू म्हणाली, "आत्ता, या क्षणी, आठ डिस्कमधल्या दोनच रेंगाळतायत. सकाळी रेंगाळत नव्हत्या." चेननी विचारलं, "कुठल्या दोन?" तिने सांगितलं. ते आपल्या जुळ्या यंत्राशी वाकले. "त्या दोघींच्या बरोबर मागे एक पंखा आहे." पंख्याचा वेग मी वाचून दाखवला, तोही ठीक होता. इतका वेळ एक शब्द न बोललेले टोकियोचे गृहस्थ म्हणाले, "वेग ठीक आहे. पण तो थरथरतोय का? डिस्कला थरथर सहन होत नाही."

कामं वाढली की यंत्र तापतं, तापलं की पंखे जोरात फिरतात. दुपारी! मी किरीटभाईंकडे पाहिलं. ते आधीच खिशातला टेस्टर काढून यंत्राचं वरचं झाकण उघडत होते. पंपाचं बेअरिंग ऐकावं तसं त्यांनी टेस्टरचं टोक एकेका पंख्याच्या चौकटीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर थांबले.

"बेन, आ लंगडाय छे," ते म्हणाले.

या यंत्रांचा पंखा यंत्र चालू असतानाच काढून बदलता येतो. मी तो ओढून बाहेर काढला, नवा सरकवला. बेंगळुरूने तिकडून जवळजवळ किंकाळीच मारली, "मॅडम, सुटलं! सगळ्या डिस्क सारख्या झाल्या!" आणि पाठोपाठ गेटवरचा फोन वाजला. चलनं यायला लागली होती, भराभर, मागची सगळी.

मी हातातला पंखा उलटा केला. एका पात्याच्या कडेला, कंकवाने घट्ट चिकटून वाळलेला, जीरासरचा एक दाणा होता.

आम्ही दोघेही तो बघत राहिलो. ओला चांल्लो श्वास घ्यायच्या जाळीवर लावलेला. बटण दाबताच पंख्यांनी पूर्ण जोराने हवा ओढली. बाकीचे तांदूळ जाळीवर राहिले, एवढा एक बारीक दाणा आत गेला आणि पात्यावर जाऊन बसला. अख्ख्या आशियातल्या शहाण्या माणसांना त्याने नाचवलं होतं. मला हसू फुटलं. किरीटभाई हसले नाहीत.

"आता रिपोर्टमध्ये काय लिहायचं?" चेननी विचारलं. प्रश्न साधा नव्हता. गिऱ्हाइकाच्या हातून यंत्रात काही गेलं, असं लिहिलं की हमी संपते आणि तो कागद शेठच्या टेबलावर जातो. किरीटभाई सुटतात, पण बा अडकतात.

"बानुं नाम नहि लखाय," किरीटभाई म्हणाले.

"अहो, बांचं नाव नाही लिहिलं तर दोष तुमच्यावर येईल!"

"तो आवशे. शेठना सांगतो, माझं दुर्लक्ष झालं. साचुं ज छे ने? मी उभा होतो." आणि हात पुन्हा गळ्याकडे.

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. मी इंग्रजीत चेनना सगळी कथा सांगितली. पूजा म्हणजे काय, तांदूळ का, बा कोण. मला वाटलं, हे लोक आता आपल्याला अडाणी समजणार. चेन पडद्याबाहेर गेले. परत आले ते हातात हिरव्या रंगाचं खाऊचं एक पाकीट घेऊन.

"हे आमच्या यंत्रावर ठेवलेलं असतं," ते गंभीरपणे म्हणाले. "यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच लागतं. दुसऱ्या रंगाचं चालत नाही. आणि तारीख उलटायच्या आत बदलावं लागतं, नाहीतर उलटं होतं." टोकियोचे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, की त्यांच्या सर्व्हर-रूमच्या दारावर देवळातून आणलेला एक ताईत आहे, पण तो आलेखात दाखवत नाहीत. बेंगळुरू म्हणाली, "आमच्याकडे लिंबू." चौघांची बाजू पहिल्यांदाच एक झाली होती.

या हशात मागचं दार उघडलेलं कुणाला कळलं नाही. देवदिवाळीचा प्रसाद घेऊन बा आल्या होत्या. टेबलावर उताणा पडलेला पंखा त्यांनी पाहिला, चष्मा पुढे ओढला.

"आ शुं छे? आ तो मारुं कंकु!"

किरीटभाई काहीतरी थाप मारायला लागले. मी त्यांना थांबवलं आणि बांना खरं ते सांगितलं: यंत्र इथून श्वास घेतं, दाणा तिथून आत गेला, टँकर त्यामुळे थांबले. मला वाटलं, म्हातारीला वाईट वाटेल, डोळ्यांत पाणी येईल. बा भडकल्या, पण आमच्यावर.

"चांल्लो कपाळे थाय. नाकमां चोखा न घलाय, एटली तो मनेय खबर छे! पण आनुं कपाळ क्यां ने नाक क्यां, ए मने कोण कहे? आटला बधा इंजिनियर ऊभा हता ने, हात जोडीने!"

पडद्यावरून चेननी विचारलं, त्या काय म्हणतात? मी शब्दशः सांगितलं: टिळा कपाळाला लावतात, नाकात तांदूळ घालत नाहीत, एवढं त्यांनाही कळतं; पण इतके सगळे इंजिनियर नुसते हात जोडून उभे होते. यंत्राचं कपाळ कुठे आणि नाक कुठे, हे आम्ही त्यांना सांगायला हवं होतं. चेननी वही ओढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

बांनी पंखा उचलला, पदरात धरला आणि तरातरा शेठच्या केबिनकडे निघाल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी पंखा मुलाच्या टेबलावर ठेवला, दाणा दाखवला, आणि किरीटभाईंकडे बोट करून म्हणाल्या, "गळुं पकडवुं होय तो मारुं पकड, दीकरा. आने छोड."

शेठनी पंख्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बराच वेळ किरीटभाईंकडे पाहिलं. "बा, बेसो तमे," ते म्हणाले. मग फोन उचलता उचलता किरीटभाईंना, "जूनुं मशीन भंगारमां आपी दो."

एवढंच. माफी नाही, शाबासकी नाही. केबिनबाहेर आल्यावर किरीटभाई जिन्याच्या पायरीवर बसले आणि मीही त्यांच्या शेजारी बसले.

रिपोर्ट चेननी स्वतः लिहिला. पंख्यात बाहेरचा कण गेला होता, तो काढला. यंत्र बसवण्याच्या आमच्या सूचना अपुऱ्या होत्या, त्या सुधारू. 'आमच्या', म्हणजे चौघांच्या. चार कंपन्यांनी एका कागदावर आपलं काही चुकलं असं लिहून सह्या केलेलं मी तेव्हा पाहिलं, नंतर पुन्हा नाही. महिन्याभराने बांच्या नावाने तैपेईहून एक खोकं आलं, त्यात हिरवी पाकिटं. खायची नाहीत, यंत्रावर ठेवायची, मुदतीच्या आत बदलायची, हे मी समजावलं. बांना ते लगेच पटलं. शिळा नैवेद्य ठेवत नाहीतच. मुदत संपत आली की जुनं पाकीट त्या गेटवरच्या ड्रायव्हरांना वाटत आणि नवं ठेवत.

आता हा धंदा बदलला. बऱ्याच जणांचे वाढपी आता दूर कुठल्या तरी प्रचंड इमारतीत राहतात, त्यांना गिऱ्हाईक कधी बघत नाही. त्याला क्लाउड म्हणतात. सोयीचं आहे, स्वस्तही आहे, मीच कित्येकांना सुचवलं. पण पापड कशावर वाळवायचे, हा प्रश्न राहतो. आणि बिघडलं तर पायरीवर शेजारी बसायला कुणी नसतं, याचं मला वाईट वाटतं. तरी एकंदरीत बघता माझं बरं चाललं. जे काम मिळालं ते आवडलं आणि ज्यांच्याबरोबर केलं ते बहुतेक लोक आवडले, यापेक्षा नोकरीकडून अधिक काय मागायचं?

नंदेसरीने मात्र आपला वाढपी घरातच ठेवला. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी तिथलं यंत्र बदलायची वेळ आली. त्याच घराण्याचं पुढचं यंत्र होतं आणि या वेळी चेन स्वतः तैपेईहून बडोद्याला आले होते. खोकं उघडलं. पुढचा भाग जुन्यासारखाच जाळीचा होता. पण वरच्या बाजूला, मधोमध, तळहाताएवढी एक सपाट, गुळगुळीत पट्टी होती. एकही भोक नाही. माहितीपत्रकात तिला 'लेबल लावण्याची जागा' असं म्हटलेलं.

मी चेनकडे पाहिलं. ते पट्टीकडे बोट करून जरा संकोचाने म्हणाले, "कपाळ. पुरेल ना?"

लाभपाचमीच होती. बा आता धरून चालवाव्या लागत होत्या. एका बाजूने शेठ, दुसऱ्या बाजूने मी. चेननी त्यांना पट्टी दाखवली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवून भोक नसल्याची स्वतः खात्री करून घेतली, मग ओल्या कंकवाने चांल्लो केला आणि जीरासर दाबला. उरलेलं कंकू त्यांनी चेनच्या कपाळाला लावलं. ते वाकून उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले. कधी सरळ व्हायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"किरीट, तुं दबाव," बा म्हणाल्या.

किरीटभाईंनी बटण दाबलं. पंखे पूर्ण जोराने फिरले, खोली दणाणली. आम्ही सगळे, शेठसुद्धा, मान पुढे काढून त्या पट्टीकडे बघत राहिलो.

एकही दाणा हलला नाही. किरीटभाईंनी गळ्यावरचा हात काढला.